बायकांच्या पेटीतली मतं

गुरुवार, दुपार

प्रिय दुऐज,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी शेजारी बर्राक काका बसलेले असणार, म्हणून लिहायला बसले. शिवाय फोनवर आपलं नेहमीचंच होतं. तू आवाज चढवतोस, मी त्याच्यावर चढवते, आणि शेवटी आईच्या गुडघ्यांची चौकशी करून दोघंही फोन ठेवतो. कागदावर तरी मला शेवटपर्यंत बोलू देशील. दाना मजेत आहे. माझ्या टेबलापाशी ती फिरती खुर्ची आहे ना, तिच्यावर दिवसभर गोल फिरते आणि चक्कर आली की किंचाळते. तुझी आठवण काढते, पण रडत नाही. काल जेवताना विचारत होती, "आत्या, बाबा अजून हरलेलेच आहेत का?" मी म्हटलं, हो गं, अजून थोडे दिवस राहतील.

तू निवडणुकीला उभा राहतोयस हे सांगायला माझ्याकडे आलास, तो दिवस सारखा आठवतो. केशराचा केक घेऊन आला होतास, तोही अर्धा गाडीतच खाल्लेला. म्हणालास, "ताई, तू आयुष्यभर राजकारण शिकवलंस, आता मी करून दाखवतो." आणि मग माझ्याच सोफ्यावर मांडी ठोकून मला शिकवायला लागलास. माणूस फक्त आपला फायदा बघतो म्हणे. कुणाला मुलाची नोकरी हवी असते, कुणाला आईला उपचारासाठी परदेशी न्यायचं असतं, कुणाला दुकानाचा परवाना. ज्याच्याकडून मिळेल असं वाटतं, त्याला मत. "एवढ्याशा गोष्टीला तुमच्या पुस्तकांना पाचशे पानं का लागतात?" असं विचारलंस. मी तुला सांगितलं होतं की आमच्यात नेमकं हेच म्हणणारे मोठमोठे विद्वान आहेत, फक्त ते बीजगणितात म्हणतात. तेवढ्यात बर्राक काका तुला न्यायला आले आणि दारातूनच गरजले, "फायदाबियदा सगळं थोतांड. माणूस रक्त बघतो. आपली माणसं आपल्याला सोडून जातील कुठे?" काकांचं हे म्हणणंही आमच्याकडे शिकवलं जातं, दुऐज. कुळ, टोळी, नातं, त्यावरून मताचा माग काढणारे लोक आहेत. त्या दिवशी मला गंमत वाटली होती. माझ्या विभागातले दोन प्राध्यापक एकमेकांशी ज्यावरून बोलत नाहीत, ते भांडण माझ्या दिवाणखान्यात केक खात चाललं होतं.

माझा स्वतःचा रस्ता तिसरा होता, तुला ठाऊक आहे. अमेरिकेत जे शिकून आले ते हे, की कुणी काय करेल याच्या गप्पा मारू नका, जाऊन विचारा, पुरेशा लोकांना विचारा, उत्तरं मोजा. आमचे रिफअत सर या सगळ्याला हसायचे. इथे तीस वर्षं राज्यघटना शिकवून ते आता परत अस्यूतला गेलेत, नाइलच्या काठी संत्र्यांची झाडं लावतात. त्यांचं म्हणणं, आधी कायदा वाचा, माणसं नंतर. आम्ही विद्यार्थी त्यांची नक्कल करायचो. कायदा कपाटात असतो आणि माणसं रस्त्यावर, असं मी त्यांना एकदा भर वर्गात ऐकवलंही होतं. ते म्हणाले, "बाई, मतपेटीसमोर जो पडदा लावतात ना, तोही कायद्यानेच लावलेला असतो. त्याच्या आत सरकार येत नाही, बाप येत नाही, नवरा येत नाही. तेवढी हातभर जागा तयार करायला लोकांना शेकडो वर्षं लागली." मला तेव्हा वाटलं, म्हातारा पडद्याचं काय घेऊन बसलाय.

बायकांना पहिल्यांदाच मत मिळालेलं, त्यामुळे विद्यापीठाने आम्हाला बायकांचं सर्वेक्षण करायला पाठवलं. घरोघरी गेलो. प्रत्येक घरात चहा, खजूर, आणि मग माझ्या विद्यार्थिनींनी विचारायचं, तुम्ही मत कसं ठरवणार? बहुतेक जणी एकच सांगायच्या, घरचे म्हणतील तसं. मी ते आकडे मांडले आणि तू विचारलंस तेव्हा तुला म्हणाले की बायकांची काळजी करू नकोस, त्या तुझ्या घरांतल्या पुरुषांच्या मागून येतील. मी खोटं बोलले नव्हते. आकडे तेच म्हणत होते. पण ते विचारताना आजूबाजूला काय होतं, हे माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं. दार किलकिलं असायचं. पलीकडे कुणाचा तरी भाऊ खाकरायचा. एका घरात तर सासरे मधल्या खोलीतून ओरडले, "काय विचारतायत गं?" आणि ती सून शांतपणे म्हणाली, "काही नाही, कुणाला मत देणार विचारतायत. तुम्ही सांगाल त्यालाच म्हटलं." आणि चहाची किटली उचलताना तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी ते उत्तर 'घरचे सांगतील तसं' असंच नोंदवलं. दुसरं काय नोंदवणार होते?

आता लुलवाबद्दल, तुझ्या बायकोबद्दल. तुझ्या प्रचारात तिने काय केलं हे तू कधी नीट पाहिलं नाहीस, कारण ती पलीकडच्या तंबूत होती. मी तिथे होते. त्या उन्हात बायकांच्या तंबूतला एसी रोज बंद पडायचा आणि ती शाळेतून मुलांच्या चित्रांचे तास संपवून थेट यायची, काळ्या पायघोळ अबायाच्या बाह्या वर करून स्वतः थंड पाण्याचे खोके उघडायची. म्हाताऱ्या बायकांना यादीत नाव शोधून द्यायची, तरुण मुलींना शिक्का कुठे मारायचा ते दाखवायची. बायका तिच्याशी बोलायच्या. आणि तू घरी आलास की ती तुला ते सांगायची. इथल्या बाईचा नवरा परदेशी असला की तिच्या मुलांना इथलं नागरिकत्व मिळत नाही, दरवर्षी राहण्याच्या परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं, घराचं कर्ज मिळत नाही, हे दुखणं किती घरांत आहे ते तिने तुला सांगितलं. तिच्या सख्ख्या बहिणीचं, शैमाचं, तेच आहे. शैमाचा नवरा सीरियाचा, मुलं इथे जन्मलेली, इथल्या शाळेत इथलंच राष्ट्रगीत म्हणणारी, आणि दर उन्हाळ्यात त्यांची आई कागदांची पिशवी घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. लुलवाने तुझ्याकडे एक वाक्य मागितलं होतं. तुझ्या भाषणात एकच वाक्य. तू न्याहारीला बसलेला असताना हो म्हणालास. मी समोर होते, अंडं सोलत होते.

त्या संध्याकाळी पुरुषांच्या तंबूत तुझं भाषण, आणि आम्ही बायका पलीकडे कर्ण्यातून ऐकत होतो. लुलवाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज बोलणार आहेत. तू वाहनतळावर बोललास, विजेवर बोललास, रुग्णालयातल्या खाटांवर बोललास. मग टाळ्या वाजल्या आणि मज्बूसच्या, मटण-भाताच्या, पराती आल्या. एक बाई म्हणाली, "अगं, ते आपलं राहिलं ना?" लुलवा म्हणाली, "पुढच्या सभेत." पुढच्या सभेतही तेच झालं. नंतर मला कळलं, काकांनी तुला सांगितलं होतं की पुरुष बिथरतील, बायका काय, त्या आपल्याच आहेत. लुलवाने तुला परत विचारलं नाही. चहा देत राहिली. तेव्हा तिच्याकडे बघून मी मनाशी एक अंदाज बांधला. अंदाज बांधण्याचाच मला पगार मिळतो. पण तो तुला सांगणार नाही, कारण तो अंदाज तिचा नव्हता, माझा होता. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, एवढंच त्यातून कळतं. मी नवऱ्याला सोडून आलेली बाई आहे, दुऐज. ती तुझ्या शर्टाची बटणं अजून स्वतः लावते.

मतदानाच्या दिवशी मी मत माझ्या भागात सकाळीच दिलं आणि आईला घेऊन तुमच्याकडच्या मुलींच्या शाळेत आले. उन्हाने फरशी भाजत होती. फाटकापाशी तुझ्या नावाच्या टोप्या घातलेल्या पोरी येणाऱ्या बायकांना अत्तर लावत होत्या. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिने केंद्रावर बसलेल्या न्यायाधीशांच्या कानात उमेदवाराचं नाव सांगितलं. बाहेर येते तर गाडीच्या काचेतून बर्राक काका विचारतायत, "वहिनी, दिलंत ना बरोबर?" आई म्हणाली, "अल्लाहला ठाऊक आहे आणि त्या न्यायाधीशाला ठाऊक आहे. तू तिसरा कशाला होतोस?" आम्ही हसून बेजार झालो. लुलवा त्याच वेळी बाहेर आली, आईचा हात धरला, आणि म्हणाली, "ताई, आत पडदा ओढला आणि मला एकदम वाटलं, इथे किती शांत आहे." एवढंच म्हणाली.

पुढचं तुला माहीत आहे. बायकांची केंद्रं वेगळी, मोजणी वेगळी, आकडे वेगळे जाहीर झाले, आणि साऱ्या जगाने पाहिलं की पुरुषांच्या पेट्यांनी तुला वर काढलं आणि बायकांच्या पेट्यांनी खाली ओढलं. हरणं तू सोसलं असतंस. पण सांत्वनाला आलेल्यांनी भरलेल्या आपल्या दिवाणियात, पुरुषांच्या बैठकीत, कॉफीचा पेला हातात धरून तो निवडून आलेल्याचा मेव्हणा म्हणाला, "अहो दानाचे बाबा, पुढच्या वेळी प्रचार आधी आपल्या स्वयंपाकघरात करा." सगळे हसले, तूही हसलास, असं मला मामेभावाने सांगितलं. ऐकून मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं. लहानपणापासून तुझं असंच आहे, जिथे सगळ्यात जास्त लागतं तिथे तू हसतोस, आणि मग घरी येऊन एखादं दार आपटतोस.

मग तो शुक्रवार. काकांकडे जेवणं झाली, हात धुतले गेले, आणि काका आतून कुराण घेऊन आले. मखमलीत गुंडाळलेलं. म्हणाले, आपल्या घराची अब्रू बाजारात निघाली आहे, तेव्हा प्रत्येक सुनेने हात ठेवून सांगायचं की मत दुऐजलाच दिलं. मला वाटलं थट्टा करतायत. तुझ्या चुलतभावांच्या बायका एकेक करून पुढे झाल्या. त्यांच्यातल्या धाकटीने हात ठेवताना डोळे मिटून घेतले ते तू पाहिलंस का? मी पाहिलं. आई भिंतीला धरून उठली आणि बाहेर गेली. मग लुलवा. ती म्हणाली, "नाही." काका म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याला दिलंस." ती म्हणाली, "तसं मी म्हटलेलं नाही. शपथ घेणार नाही, एवढंच म्हटलंय." काका म्हणाले, "मन स्वच्छ असेल तर भ्यायचं कशाला?" ती तुझ्याकडे बघत राहिली. मी मध्ये बोलायला गेले तर काकांनी मला, "तू तुझ्या आकड्यांनी आधीच पुरे दिवे लावलेस," म्हणून गप्प केलं. आणि तू, दुऐज, गालिच्याकडे बघत म्हणालास, "शपथ घे, नाहीतर घरी येऊ नकोस." मी तुला ओळखते. ते वाक्य तुझ्या तोंडातून निघाल्याबरोबर तुला परत घ्यावंसं वाटलं होतं. पण समोर इतके पुरुष बसले होते.

तेव्हापासून ती आणि दाना माझ्याकडे आहेत. तू परवा ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवलास की ताईला म्हणावं, लोकांकडून खरं काढून घेणं हेच तुझं शिक्षण, तूच तिला एकटीला विचार, तू सांगशील त्यावर मी विश्वास ठेवेन, काकांनाही गप्प करेन. निरोप ऐकून मला आधी आनंद झाला. वाटलं, सुटलं एकदाचं. मी तिच्या खोलीत गेले. ती दानाच्या फ्रॉकला टीप घालत होती. तिने निरोप ऐकलाच होता. म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगू का?" आणि दुऐज, आयुष्यभर हजारो माणसांना जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर कुणीतरी आपण होऊन माझ्यासमोर ठेवत होतं, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. का, ते मलाही लगेच कळलं नाही. मी रिफअत सरांना फोन लावला. म्हटलं, सर, माझ्या सगळ्या पद्धती घरातच आपटल्या. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझी पद्धत वाईट नाही, बाई. माणसाला नाही म्हणायची मोकळीक असेल तरच विचारणं हे विचारणं असतं. नाहीतर ती उलटतपासणी." मग बराच वेळ संत्र्यांवरच्या किडीबद्दल बोलत राहिले.

आईकडेही गेले होते. ती उठून का गेली विचारलं. तू विसरला असशील, तू तेव्हा शाळकरी पोरगा होतास. इराकी सैनिक आपल्या घरात शिरले होते आणि बाबा गच्चीवरच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत लपले होते. त्यांच्यातल्या एकाने फडताळातलं कुराण काढून आईसमोर धरलं, हात ठेव आणि सांग नवरा कुठे आहे. तू तिच्या अबायाला धरून उभा होतास. आईने हात ठेवला आणि सांगितलं, सौदीत गेलाय. बाबा वाचले. मौलवींनी तिला कितीदा सांगितलं की जीव वाचवायला बोललेलं अल्लाह माफ करतो. ती अजूनही दरवर्षी त्या दिवसांत रोजे धरते. मला म्हणाली, "माफ असेल गं. पण हात माझा होता. त्या दिवसापासून कुणी कुराण पुढे केलं की मला तो सैनिक दिसतो. आणि त्या शुक्रवारी ते माझ्या दिराच्या हातात होतं."

हे पत्र आजच का, ते आता सांगते. आज सकाळी लुलवाने इस्त्री काढली. आपला अबाया इस्त्री करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, उद्या काकांकडे जेवण आहे ना? मी येते. घेते शपथ. दानाला तिची खोली हवीय, आणि मलाही माझं घर हवंय." मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. म्हणजे उद्या नमाजानंतर ती सगळ्यांसमोर उभी राहील, तुला हवं तेच वाक्य बोलेल, आणि तुला काहीही कळलेलं नसेल. तिने मत तुलाच दिलं असेल, तर आपलं खरं तिला भर चावडीवर गहाण ठेवावं लागेल, तेही तुझ्या दारात पाऊल टाकायला. आणि दिलं नसेल, तर पाच वेळा नमाज पढणारी ती बाई तुझ्या हट्टासाठी अल्लाहच्या ग्रंथावर खोटं बोलेल, आणि मग रोज तुझ्यासमोर जेवण वाढेल. दोन्हीतलं कुठलं, हे तू मरेपर्यंत ओळखू शकणार नाहीस. तुला काय हवंय ते मला कळतं. तिने तुला टाकलं नाही, एवढंच तुला ऐकायचंय. ते शपथेतून कळणार नाही रे. ती परत यायला निघालीय, त्यातून कळत असेल तर बघ. तिला या पत्राचं माहीत नाही, वाचून फाडून टाक. उद्या काकांकडे लवकर जा, दाराजवळ बस. ती आत आली आणि काका कुराण आणायला उठले, की तू त्यांच्या आधी ऊठ. तिचा हात पुढे होईल, तो धर. "चल, आधी जेवायला बस," एवढंच म्हण. काका ओरडतील, दोन-चार जण हसतील, हसू देत. पण जे करायचं ते तिने तोंड उघडायच्या आत कर.

अजूनही तुझ्याच बाजूने असलेली,
तुझीच ताई,
सबीका